टॉवेल डाव्या खांद्यावर

सर, तुम्हाला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते परवा, उदगीरला, तुमच्या भावाच्या अंगणात.

इतकी वर्षं तुमच्या हाताखाली खेळलो, नंतर दुसऱ्या टीमचा कोच म्हणून तुमच्या समोरच्या बाजूला उभा राहिलो, पण मॅच चालू असताना तुम्ही बाकावर टेकलात असं एकदाही झालं नाही. "बसल्याला अर्धंच कोर्ट दिसतंय," म्हणायचात. आणि परवा तुम्ही मांडी घालून, भिंतीला पाठ लावून बसला होतात. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात हार. तुम्हा लिंगायतांत बसवूनच माती देतात हे मला ठाऊक होतं. तरी फाटकातून आत आलो आणि पाय थबकले. तुम्ही समोर बघत आहात असं वाटलं. डोळे मिटलेले होते, पण तुम्ही कोर्ट बघायचात ते तरी डोळ्यांनी कुठं?

काकूंनी तुमचा टॉवेल खांद्यावर ठेवला होता. तोच, पांढरा, निळ्या काठाचा. उजव्या खांद्यावर. मी नीट पाहिलं. ती खोड आहे, जात नाही.

मग टाळ वाजायला लागले. तुम्हाला उचलून सजवलेल्या खुर्चीत बसवलं, मिरवत नेलं. रस्ता खाचखळग्यांचा, प्रत्येक धक्क्याला तुमची मान हलायची. अगदी प्रॅक्टिसला हलायची तशी, बारीक, 'हां, जमतंय' म्हणून. मी मागून चालत होतो. समाधीसाठी खणलेल्या मातीच्या कोनाड्याजवळ खुर्ची टेकवली, मी पुढं झालो, आणि पाहिलं तर टॉवेल डाव्या खांद्यावर होता.

चारदा उचलला-ठेवला माणूस, टॉवेल घसरला असेल. कुणीतरी सरळ करायला गेलं असेल आणि दुसरीकडं टाकला असेल. हे सगळं मी आज लिहिताना सुचवतोय. तेव्हा काही सुचलं नाही. तेव्हा मान आपोआप डावीकडं वळली, सत्तावीस वर्षांपूर्वी वळायची तशी.

डावीकडं, कडुलिंबाखाली, एकटा, चाकूर उभा होता, आपल्या टीमातला माधव.

आपल्या लातूरच्या कॉलेजनं तुमच्यावरच्या स्मरणिकेसाठी मजकूर मागितलाय. "गोड आठवणी लिहा सर, तुम्ही त्यांचे लाडके होता," असं फोनवर म्हणाले. लाडका होतो की नाही ते तुम्हालाच माहीत. गोड लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. आता हा चौथा.

ज्यांनी आपली टीम खेळताना पाहिली नाही त्यांना आधी सांगावं लागेल की ती बोलत नसे. बास्केटबॉल म्हणजे नुसता ओरडा असतो, 'इकडं!' 'दे दे!' 'मागं बघ!'. तुम्ही लातूरच्या त्या सिमेंटच्या कोर्टावर पहिल्याच दिवशी आमची तोंडं बंद केलीत. कुणी आवाज काढला की तुमचं उदगिरी कानडी यायचं, "सुम्निरु!" गप्प बस. आणि कोर्टाला दहा चकरा. आमची नावंही तुम्ही वापरली नाहीत. जो जिथला, तेच त्याचं नाव. मी जळकोट. माधव तो चाकूर. अजूनही मला झोपेत कुणी 'जळकोट' म्हणून हाक मारली तर मी उठून उभा राहीन.

दोन महिने तुम्ही आम्हाला डोळे बांधून खेळवलंत. पाचजण गोल उभे, डोळ्यांवर टॉवेल, आणि बॉल फिरवायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या नाकातून रक्त आलं, चाकूरचा ओठ फुटला. दिवाळीपर्यंत बॉल खाली पडायचा बंद झाला. आम्ही एकमेकांना श्वासावरून ओळखायला लागलो होतो. चाकूरच्या श्वासात शेवटी बारीक शीळ असायची, लहानपणी छातीत कफ धरायचा म्हणून. ती शीळ मी आजही गर्दीत ओळखीन. काल ओळखलीच.

"बॉल माणसाकडं टाकायचा नसतोय," तुम्ही सांगायचात. "माणसाकडं टाकला की समद्यांना दिसतंय. रिकाम्या जागंवर टाका. माणूस येतोय."

"अन् न्हाई आला तर सर?" चाकूरनं विचारलं होतं. त्याला सगळंच विचारायची सवय.

तुम्ही हसला होतात. "तर टाकणाऱ्यानं चुकीचा माणूस धरला म्हणायचं."

तीन वर्षं सलग आपण विद्यापीठात पहिले आलो. ज्या गावात जायचो तिथली पोरं ढोल घेऊन यायची, आणि दहा मिनिटांत ढोल बंद पडायचे. आम्ही गप्प म्हणून तेही गप्प. अख्ख्या मैदानात फक्त बुटांची कुरकुर. बॉल कोपऱ्यात जायचा जिथं चिटपाखरू नाही, आणि तो तिथं पोचायच्या आत आपला एकजण तिथं असायचा. कुठून आला ते समोरच्या पाचांना कळायचं नाही. नांदेडला लोक म्हणायचे, "आली रे लातूरची भुतं!" एका पंचानं तर तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "सर, पोरांना बोलता येतं ना?"

"येतंय की. पर बोलण्यासारखं काय हाय?" तुम्ही म्हणालात.

टॉवेलचं फक्त आपल्याला माहीत होतं. उजव्या खांद्यावर टाकला तर बॉल उजव्या कोपऱ्यात. डाव्या खांद्यावर, तर डाव्या. गळ्यात, दोन्ही टोकं पुढं सोडून, तर बॉल धरून ठेव, कुणी हलायचं नाही, थांब. लातूरच्या उन्हात टॉवेल नसलेला माणूस दाखवा. कुणाला कसा संशय यावा? तुम्ही शपथही घातली नव्हती. "शपथ घातली की माणूस ती मोडायचा इचार करायला लागतंय," म्हणाला होतात.

मी मोडली ती न घातलेली शपथ होती, सर.

चौथ्या वर्षी फायनल नांदेडला, नांदेडच्याच कॉलेजबरोबर. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच कॉलेजात कारकून. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जेवायला गेलो. मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो की त्यांनी मला फशी पाडलं. खोटं आहे. दाजी एवढंच म्हणाले, "आमच्याकडं क्रीडा विभागात एक जागा निघून राहिली. आमच्या कोचचं वजन हाय तिथं. ते इचारत होते, ही पोरं न बोलता कसं खेळतात बुवा?" आणि चटणीचा डबा पुढं केला. कुणी धमकी दिली नाही, पाय धरले नाहीत. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि सांगितलं. तीन वाक्यं. उजवा, डावा, गळा. सांगताना मला बरं वाटलं, हेही लिहायलाच हवं. कॅप्टन तुम्ही मला केलं नव्हतं, चाकूरला केलं होतं. आणि घरी आम्ही तीन भाऊ, कोरडवाहू पाच एकर. दोन्ही गोष्टी त्या ताटात होत्या. कुठली जास्त होती ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॉल टाकायचो आणि तिथं नांदेड आधीच उभं असायचं. भुतांना भुतं भेटली. पोरं गोंधळली, एकमेकांकडं बघायला लागली. शेवटचं मिनिट, आपण एका बास्केटनं मागं, बॉल माझ्या हातात. तुम्ही टॉवेल डाव्या खांद्यावर टाकलात.

डाव्या कोपऱ्यात नांदेडची दोन पोरं दबा धरून होती. उजवा कोपरा मोकळा. आपले चौघंही डावीकडं झेपावले, कारण तुम्ही भिंतीवर टाक म्हणाला असतात तर आम्ही भिंतीवर टाकला असता. मी मात्र उजवीकडं टाकला. त्या क्षणी मला नोकरी नको होती, जिंकायचं होतं. डावी जागा विकली गेलीय हे मला माहीत होतं म्हणून उजवीकडं टाकला. तिथं कुणी आलं नाही. येणार कसं? बॉल एकदा उसळला आणि रेषेबाहेर गेला. त्या एका टप्प्याचा आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

कपडे बदलायला आपल्याला एक वर्ग दिला होता. फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट गणित होतं. तुम्ही दार लावलंत.

"चाकूर. सकाळी स्टँडवर कुणासंगं चहा घेत हुतास?"

"मामेभाऊ हाय सर. त्यांच्या टीमात हाय. समद्यांच्या म्होरंच बसलो हुतो."

"टॉवेलचं बोललास?"

"न्हाई सर. आईची आन."

मग तुम्ही टॉवेल गळ्यात टाकलात, दोन्ही टोकं पुढं, आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिलात. थांब, अशी खूण. आम्ही थांबलो. मी बुटाची नाडी बांधत होतो. ती आधीच बांधलेली होती. सोडली आणि परत बांधली. किती वेळ गेला? बाहेर नांदेडचा ढोल वाजत होता. शेवटी चाकूरनं जर्सी काढली, घडी केली, बाकावर ठेवली. अंगात शर्ट चढवला. "सर, तुमचा भरवसा न्हाई ना, मग ऱ्हाऊ द्या," एवढं म्हणाला आणि गेला. पुन्हा कॉलेजात आला नाही. त्याच्या गावात बातमी त्याच्या आधी पोचली. लोक त्याला 'नांदेडकर' म्हणायला लागले. आजही म्हणतात. चाकुरात विचारा, माधवचं घर कुणी सांगणार नाही, नांदेडकराचं दुकान लहान पोरही दाखवेल.

आणि खरा नांदेडकर झालो मी. त्याच कॉलेजात, दाजी म्हणाले त्याच जागेवर, त्याच कोर्टावर. नांदेडहून लातूरला येताना लोहा, अहमदपूर मागं पडलं की चाकूर येतं. रस्त्यालगत त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, हिरवी पाटी, बियाण्यांच्या पोत्यांची थप्पी. सत्तावीस वर्षं बस चाकुरात शिरली की मी डोळे मिटून घेतो. झोप लागल्यासारखं करतो. कंडक्टर ओळखीचे झालेत. एकजण म्हणालासुद्धा, "सर, तुमाला बराबर चाकुरातच कशी काय झोप लागती?"

माझी पोरंही न बोलता खेळतात, सर. तुमचंच सगळं शिकवलं, टॉवेल सोडून. मी नुसता उभा राहतो, हात मागं. तरी शेवटच्या मिनिटात माझी पाचही पोरं एकदम समोरच्या रेषेकडं बघतात, जिथं तुम्ही त्या फायनलला उभे होतात. तिथं कुणी नसतं. त्या पोरांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मी घाबरून एकाला विचारलं, "तिकडं काय बघून राहिलास?" तो म्हणाला, "तुम्ही बघता म्हणून बघतो सर. तिथं काय असतं?"

मी बॉल त्याच्या हातात दिला.

गेल्या दिवाळीत तुम्हाला भेटायला लातूरला आलो. तुम्ही खिडकीला धरून उभे होतात. बसा म्हटलं तर ऐकेनात. काकूंनी शेंगाची चटणी, कडक भाकरी वाढली आणि आत गेल्या. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "जळकोट, त्या दिवशी मी टॉवेल मुद्दाम चुकीचा टाकला हुता."

घास हातात राहिला.

"नांदेडची पोरं माझ्या खांद्याकडं बघत हुती, ही मला कवाच कळलं हुतं. कुणीतरी सांगितलंय. मग म्हटलं, बघू. ज्याला ठावं न्हाई त्यो डावीकडंच टाकणार. ज्याला ठावं हाय, त्याचा हात वळणार."

"सर…"

"तुझा वळला."

म्हणजे त्या वर्गात दार लावलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझ्या आयुष्यात मी कुणावर इतका संतापलो नसेन. चोर मी, आणि ओरडलोही मीच. "मग चाकूरला कशाला विचारलंत? त्याला जाऊ का दिलंत?"

"बॉल जागंवर टाकला हुता मी. वाटलं, तू येशील." तुमचा श्वास पुरत नव्हता. "चाकूरला इचारलं तर तुला सहन व्हायचं न्हाई, उठून उभा ऱ्हाशील. मी थांबलो की रे. किती थांबलो."

"आणि नंतर? तुम्ही त्याच्या घरी जाऊन सांगू शकला असता!"

"हाव. ती माझी चूक. चुकीचा माणूस धरला." थोड्या वेळानं म्हणालात, "आधी वाटलं तूच सांगशील. मग लाज वाटायला लागली. वर्षं गेली की लाज लई जड हुती, उचलंना. तू सांग त्याला. मी हाय तवर सांग."

तुम्ही माझ्या भाकरीवर चमचाभर तेल वाढलंत, पूर्वी फायनलच्या आदल्या दिवशी वाढायचात तसं. ते भांडण तिथंच राहिलं. मला अजून तुमच्याशी भांडायचंय, सर. एका पोराला पारखायला दुसरा पोरगा का पणाला लावलात? आणि तरी, माझं सगळं माहीत असून सत्तावीस वर्षं मला दारात उभं केलंत, माझ्या लग्नात पहिल्या पंगतीत जेवलात, माझ्या पोरांच्या मॅचला आलात, आणि एका शब्दानं मला उघडं पाडलं नाहीत. याला उपकार म्हणू की शिक्षा? मला दोन्ही वाटतं. रोज वेगळं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. दोनदा चाकूरवरून गेलो. दोनदा डोळे मिटले. आणि तुम्ही गेलात.

परवा कडुलिंबाखाली तो उभा होता तेव्हाही मी गेलो नाही. मीठ टाकलं, भस्म टाकलं, बेलाची पानं टाकली. तुमचा चेहरा मातीत दिसेनासा झाला तेव्हा सगळ्यात शेवटी तो डावा खांदा दिसत होता. मग तोही बुजला.

काल लातूरमार्गे नांदेडला परतताना बसमध्ये चाकूर आलं आणि डोळे मिटेनात. खरंच मिटेनात. पापण्यांत खिळे ठोकल्यासारखे. मी उतरलो.

तो गल्ल्यावर होता, खांद्यावर टॉवेल. केस पांढरे झालेत. "ये जळकोट," म्हणाला. पाणी दिलं. "सर लई दिस अंथरुणाला खिळून ऱ्हायले न्हाईत, बरं झालं. काय पायजे, सोयाबीन का तूर?"

मी उभ्यानंच सांगितलं. दाजी, भाकरी, तीन वाक्यं, नाडी. त्यानं एकदाही मधे तोडलं नाही. फक्त ती बारीक शीळ ऐकू येत होती. मग त्यानं एकच विचारलं.

"सरांना ठावं हुतं?"

खोटं बोलायला ती शेवटची संधी होती. तुम्ही मातीखाली होता, तुमचं नाव राखता आलं असतं. "हो," मी म्हणालो. "त्याच दिवशी कळलं होतं."

त्यानं थप्पीवरचं एक पोतं सरळ केलं. परवा तुमच्या मातीला तो वीस मैल मोटरसायकलवर आला होता, सर.

"मला काय नवीन सांगितलास?" तो म्हणाला. "मी सांगितलं न्हाई, ही मला तवाच ठावं हुतं. माझ्या आईलाबी ठावं हुतं. ज्याला ठावं न्हाई त्याला सांग. गावाला सांग. कागदावर सांग." आणि त्यानं खांद्यावरचा टॉवेल गळ्यात घेतला, दोन्ही टोकं पुढं सोडून, आणि आत गोदामात गेला.

मी हललो नाही. एक शेतकरी आला, औषध घेऊन गेला. दुसरी बस आली, गेली. अर्ध्या तासानं तो बाहेर आला.

"आजून हायस व्हय?"

"तू थांब म्हणालास."

त्यानं खाली स्वतःच्या छातीकडं पाहिलं. टॉवेलची दोन टोकं. "घाम आला हुता रे," तो म्हणाला. टॉवेल काढून त्यानं गल्ल्यावर ठेवला, खांद्यावर घेतला नाही. मी बस पकडली.

तेव्हा हे कागदावर. त्या वर्षी टॉवेलची खूण नांदेडला मी सांगितली. चाकूरच्या माधवनं नाही. तो त्या दिवशी आपल्या मामेभावाबरोबर फक्त चहा प्यायला होता. त्याच्या गावातल्या ज्यांच्या हाती ही स्मरणिका पडेल, त्यांनी एवढं करावं, त्याचं दुकान विचारणाऱ्याला त्याच्या नावानं दाखवावं. नांदेडकर मी आहे.

छापणारे कदाचित कापतील म्हणून एक प्रत मी टपालानं त्याच्याकडं आजच पाठवतोय. बॉल जागेवर टाकलाय, सर. टाकल्यावर बॉलकडं बघत उभं राहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आज प्रॅक्टिसला पोरं शेवटच्या मिनिटात त्या रेषेकडं बघतील, तेव्हा मी तिकडं बघणार नाही. मी डाव्या कोपऱ्याकडं बघेन. तो चाकूरसाठी अजून मोकळा आहे.